हळदीचे तेवीस शर्ट आणि उक्ता भाव

पुतण्याच्या हळदीला घरातल्या सगळ्यांनी एकसारखे हवाईयन शर्ट घालायचे, हे नवरदेवानंच पुण्याहून ठरवून पाठवलं. सोबत फोटो: समुद्र, नारळाची झाडं, आठ-दहा पोट्टे फुलाफुलाच्या शर्टांत दात काढून उभे. आमचं गाव वरूडपासून चौदा किलोमीटर, चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा, आणि पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी जे दिसतं ते. पण नवरदेवाचा हट्ट, त्यात ऑनलाइनचं काही निघालं की ते माझ्याच गळ्यात पडतं. पीएम किसानची केवायसी मी करून देतो, म्हणून शर्टही मीच मागवायचे, असा सरळ हिशेब.

"हवाईन म्हंजे? विमानात घालतेत तो?" मोठेबाबांनी विचारलं. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घरातलं शेवटलं मोठं माणूस.

मी म्हटलं, हवाई नावाची बेटं आहेत. तिकडे होनोलुलूत १९३०च्या सुमारास जपानी किमोनोच्या कापडाचे असे शर्ट शिवायला लागले. एलरी चुन नावाच्या दुकानदारानं १९३६-३७च्या सुमारास 'अलोहा शर्ट' हे नाव नोंदवून घेतलं. दुकानात उरलेलं कापड वाया जाऊ नये म्हणून ते त्यानं शिवून विकलं, असंही वाचलं होतं.

"म्हंजे उरलेल्या कापडाचा धंदा," मोठेबाबा म्हणाले. "आन त्याचे साडेसहाशे?"

साडेसहाशे म्हणजे ६४९. सुरतेकडचा एक विक्रेता सापडला होता. वीस शर्टांच्या वर ऑर्डर दिली तर आपलं डिझाइन छापून देतो म्हणाला. कापड तीन प्रकारचं: पॉलिएस्टर ५४९, रेयॉन ६४९, सुती ८४९. लग्न एप्रिलात. पॉलिएस्टरवर छापायची रीत अशी की शाई आधी कागदावर उतरवायची, मग तो कागद कापडावर ठेवून दोनशे अंशांच्या आसपास तापवायचा. शाईची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. रंग जायचं नाव नाही. पण एप्रिलात आमच्याकडे बेचाळीसच्या वर पारा, वरून हळदीचा मांडव. तो शर्ट घालून अर्धा तास नाचलेला माणूस सलाइनवरच गेला असता. सुती घ्यावा तर माणशी दोनशे जास्त. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडानं सुती शर्ट महाग म्हणून सोडावा, याची लाज वाटली, पण तेवीस माणसं होती. रेयॉन घेतलं. लाकडाच्या लगद्याचा धागा, अंगाला गार लागतो, पहिल्या धुण्यात थोडा आटतो. हवाईतल्या जुन्या नामी शर्टांमध्येही रेयॉनचे पुष्कळ होते, हे कळल्यावर नवरदेवही गप्प झाला.

डिझाइनवर आठ दिवस गेले. त्यांच्याकडची तयार चित्रं म्हणजे अननस, पोपट, जास्वंद. जास्वंद आमच्या आंगणात आहे, पण शर्टावर संत्रा पाहिजे, यावर घरात एकमत होतं. पहिलं चित्र आलं आणि माझ्या आईनं ते पाहिल्याबरोबर सांगितलं, "हे संत्र नोहे, मोसंबी हाये." बरोबर होतं. गोल, गुळगुळीत, साल अंगाला घट्ट चिकटलेली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगाच? त्याची साल सैल असते, आत हवा भरल्यासारखी. देठाशी थोडी मान वर आलेली असते आणि खालून ते चपटं असतं. मी बागेतून चार फळं आणली, पानासकट फोटो काढले आणि व्हॉट्सअॅपवर पाठवले. तिकडून उत्तर: फोटो फुटतो, तीनशे डीपीआय पाहिजे, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. मग पुतण्यानं शिकवलं की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, तेव्हा तो दाबला जात नाही. दुसऱ्या चित्रात मान आली. तिसऱ्यात संत्र्याची पांढरी फुलंही आली आणि मागं गर्द निळा रंग.

एक गोष्ट मी शहाणपणाची केली. छापलेल्या कापडाचा वीतभर तुकडा आधी मागवला, ९९ रुपये देऊन. ते पुढं बिलातून वजा होणार होते. मोबाइलवर जो केशरी रंग पेटल्यासारखा दिसतो तो कापडावर विटकरीकडं झुकतो. मोबाइलचा रंग उजेडाचा असतो, कापडावरचा शाईचा. तो तुकडा आला तेव्हा संत्री पंधरा दिवस पडून राहिल्यासारखी दिसत होती. रंग उजळून घेतला. तेवीस शर्ट आल्यावर हे दिसलं असतं तर काय केलं असतं?

मग मापं. टेलरमामाला टेपसकट घरी बोलावलं. साइझच्या तक्त्यात नुसतं 'चेस्ट' लिहिलेलं: एस ४०, एम ४२, एल ४४, असं करत थ्रीएक्सएल ५०, फोरएक्सएल ५३, फाइव्हएक्सएल ५६. हे अंगाचं माप की शर्टाचं? फोन करून विचारलं तेव्हा कळलं, शर्टाचं. म्हणजे अंगाच्या मापात चार इंच मिळवून साइझ निवडायची. हे विचारलं नसतं तर तेवीसही शर्ट अंगात अडकले असते. आपल्या देशात साइझला ठाम माप नाही. एका दुकानाचा एक्सएल म्हणजे दुसऱ्याचा एल. 'निफ्ट' या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेनं भारतीय अंगाची मापं ठरवायला 'इंडियासाइज' नावाचं काम हाती घेतलं, सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसं मोजायचं. त्या सहांत नागपूर नाही. वऱ्हाडी पोट अजून कुणी मोजायचंच आहे.

टेलरमामानं मोजलं. एस तीन, एम पाच, एल सहा, एक्सएल चार, डबलएक्सएल दोन, थ्रीएक्सएल दोन. आणि मोठेबाबांची छाती ५२, म्हणजे त्यांना फाइव्हएक्सएल.

मी यादी भरली आणि बिल पाहिलं. थ्रीएक्सएलला १०० जास्त, फोरला २००, फाइव्हला ३००. म्हणजे आम्हा वीस जणांचा शर्ट ६४९चा, माझ्या भावाचा आणि जवायाचा ७४९चा, आणि मोठेबाबांचा ९४९चा.

मी हे मोठ्यानं वाचायला नको होतं.

"मी का बैल आहो का बे?" मोठेबाबा खाटेवरून उठून बसले. "बजारात निदान दात पाह्यतेत. हा पोट पाहून भाव लावते! नाई पाह्यजे मले. मी आपला पांढराच घालतो."

आणि ते आत निघून गेले. तीनशे रुपयांचं त्यांना काही नव्हतं. गेल्या साली मंदिराच्या कळसाला त्यांनी पाच हजार दिले होते. पण तेवीस लोकांच्या यादीत आपल्याच नावापुढं तो आकडा, तोही पोरासोरांच्या देखत वाचला गेला, हे त्यांना लागलं. साधा शर्ट दुकानातून घेतला असता तर हे त्यांचं त्यांनाच कळलं असतं. यादीनं घोळ केला.

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. सगळ्यांचा मूळ भाव ६४९ प्रमाणे १४,९२७. वरचे पैसे दोन शंभर आणि एक तीनशे, म्हणजे ५००. एकूण १५,४२७. तेवीस जणांत वाटले तर ते ५०० रुपये माणशी बावीसही होत नाहीत. वरूडच्या स्टँडवर दोन चहा घेतले तर तेवढे जातात. मी म्हटलं, सगळ्यांकडून सारखीच वर्गणी घेऊ.

तर आतेभाऊ बोलला. त्याचं माप एम. तो बागा घेतो, माल दिल्लीकडं पाठवतो, भावाच्या गोष्टीत त्याला कुणी हरवत नाही. "म्या काऊन भरू दुसऱ्याच्या पोटाचे?" म्हणे. "संत्र्याचं पाय. मोठं फळ अलग, मधलं अलग, चुरी अलग. चुरीले कोनी मोठ्या फळाचा भाव देते का? तुह्या बागेत तू अलग करूनच विकतं ना?"

बिनतोड वाटलं. मला पटकन काही सुचेना. पण एक खटकत होतं: मग एसवाल्या तीन पोट्ट्यांना स्वस्त का नाही? मोठ्याचं कापड जास्त लागतं म्हणून पैसे जास्त, तर छोट्याचं कमी लागतं म्हणून कमी पाहिजेत. एसपासून डबलएक्सएलपर्यंत एकच भाव आणि तिथून पुढं शिडी, हा कुठला न्याय?

याचा निवाडा टेलरमामाच्या दुकानात झाला. तिथं मला जे दिसलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मामानं मेजावर अठ्ठावन पन्ह्याचं, म्हणजे अठ्ठावन इंच रुंदीचं, कापड पसरलं. "शर्टाचे मोठे तुकडे किती? पाठ एक, समोरचे दोन," म्हणे. खडूनं एलची पाठ आखली, बाजूला दोन्ही समोरचे. तिन्ही तुकडे पन्ह्यात शेजारीशेजारी बसले, वर सहा-सात इंचाची पट्टी उरली. खाली बाह्या, उरल्यासुरल्यात कॉलर आणि खिसा. सव्वा मीटरात काम. मग एस आखला. तुकडे अरुंद झाले, बाजूची पट्टी रुंद झाली, पण लांबीत फक्त चार बोटं वाचली. "पट्टी मोठी झाली, तिचं काय कराचं? चिंधीच ते," मामा म्हणाला. म्हणजे छोट्या माणसाचं कापड वाचतं ते बहुतेक चिंध्यांत जातं. मग थ्रीएक्सएल. तो दाटूनदाटून, अगदी काठाला काठ लागून, त्याच पन्ह्यात बसला. लांबी चार बोटं जास्त. शेवटी मोठेबाबांचा. पाठ आखली, एक समोरचा आखला, आणि दुसरा मेजाबाहेर गेला.

"आता ह्याले नवी लांबी पाह्यजे," मामानं खडू खाली ठेवला. "इथं खरं कापड वाढते. पावनेदोन मीटर धर."

म्हणजे एसपासून थ्रीएक्सएलपर्यंत सगळे जवळपास एकाच कापडात. फरक फार तर आठ बोटांचा. आणि त्यापुढं एकदम अर्ध्या मीटरची उडी. त्याच विक्रेत्याकडं छापील रेयॉन २४० रुपये मीटर होतं. अर्धा मीटर १२०, त्यावर थोडी जास्त शिलाई. फाइव्हएक्सएलला दीडेकशे जास्त घेतले तर मला काही म्हणायचं नाही. पण थ्रीएक्सएलचे शंभर? तिथं कापड वीस-पंचवीस रुपयांचंही वाढत नव्हतं. त्यात तेवीस शर्ट एकत्र बेतले तर मोठ्याच्या पाठीशेजारी जी जागा उरते तिथं पोट्ट्यांच्या बाह्या निघतात. हेही मामानं आखून दाखवलं.

आतेभाऊ बघत होता. म्हणाला, "हाव, पन ते काही सोडनार नाई."

घरी आल्यावर मोठेबाबांना सांगितलं. ते तोवर थंडावले होते. सुपारी कातरताकातरता म्हणाले, "मंग त्याले उक्ता भाव माग ना. आपन बाग उक्ती देतो तवा चुरी अलग मोजतो का? सारा बाग एका रकमेत. घेनारा आपला आपून सरासरी काढते."

हे आतेभावालाच कसं सुचलं नाही याचं नवल. दर वर्षी तो बागा उक्त्याच घेतो.

दुसऱ्या दिवशी सुरतेला फोन लावला. पलीकडला माणूस सभ्य होता, मराठीही बरी बोलत होता. म्हणाला, सिस्टिममध्ये साइझप्रमाणे भाव बसवलाय, मला बदलता येत नाही. मोठ्या साइझचं पॅटर्न वेगळं, बेतणी वेगळी, ऑर्डर तुरळक येते, कापड वाया जातं. त्याचं अगदीच खोटं नव्हतं. एकटादुकटा फाइव्हएक्सएल बेतायचा तर कापडाची नासाडी होतेच. मी म्हटलं, पण हा एकटादुकटा नाही, तेवीसांतला एक आहे, आणि थ्रीएक्सएल तर एलच्याच पन्ह्यात बसतो, मेजावर आखून बघितलंय. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणे, तुमचं शिलाईचं दुकान आहे का?

साइझप्रमाणे वेगळा भाव लावणं काही बेकायदा नाही, त्यामुळे माझ्याकडं अर्जविनंतीशिवाय हत्यार नव्हतं. शेवटी सगळ्यांना ६६९ वर तुटलं. जीएसटी धरून. एकूण १५,३८७, म्हणजे त्यानं चाळीसच रुपये सोडले. पण बिलावर तेवीस नग, दर ६६९, एवढीच ओळ आली. मला ती ओळच पाहिजे होती. जीएसटीवरून आठवलं: २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्याला पाच टक्के आहे. त्याआधी हजाराची मर्यादा होती, वर गेलं की बारा टक्के. ८४९च्या सुती शर्टावर तीनशे चढले की तो बाराच्या गटात. जाड्या माणसाला करही जाडाच होता.

पैसे आगाऊ. माल पोचल्यावर पैसे, ही सोय छापील ऑर्डरला नाही. अठरा दिवसांनी कुरिअरवाल्याचा वरूडहून फोन: गावात गाडी येत नाही, येऊन घेऊन जा. मी मोटरसायकलवर खोकं बांधून आणलं. कापड गार, रंग पेटता, संत्र्याला मान. खिशावरचं संत्र अंगावरच्या अर्ध्या संत्र्याशी बरोबर जुळत होतं. असल्या शर्टाची शिवण बघायची तर खिसा बघावा म्हणतात. सगळे खूश.

मोठेबाबांनी शर्ट चढवला आणि तो छातीवर अडला. बटण काजापर्यंत पोचेना. लेबल फाइव्हएक्सएलचंच. मामानं शर्ट मेजावर सपाट टाकून काखेखाली टेप लावला: पंचवीस. दुप्पट पन्नास. म्हणजे थ्रीएक्सएल शिवला आणि लेबल फाइव्हचं लावलं. हळदीला चार दिवस.

मी टेपसकट फोटो पाठवला. उत्तर आलं, छापील मालाला परतावा नाही. पुन्हा फोन केल्यावर तो सभ्य माणूस म्हणाला, साइझचा फरक परत केला असता सर, पण तुम्ही तर फ्लॅट रेट घेतलाय, फरक आहेच कुठं?

मला हसावं की रडावं कळेना. जो उक्ता भाव भांडून घेतला तोच आता आडवा येत होता. मी शांतपणे सांगितलं की मला फरक नको, ५६चा शर्ट पाहिजे; सांगितलं एक आणि पाठवलं भलतंच, असा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. छापील असला तरी चूक शिवणाऱ्याची. नाहीतर मी १९१५ला फोन लावतो. ती ग्राहक हेल्पलाइन आहे. लावायची वेळ आली नाही. संध्याकाळी निरोप आला, नवा शिवून पाठवतो, पण आठ दिवस लागतील.

हळदीपुरता मामानं शर्ट दोन्ही कुशींतून उसवला आणि तीन-तीन इंचाच्या केशरी पट्ट्या घातल्या, काखेपासून खालपर्यंत. पट्ट्या कसल्या, तर मांडवाला आणलेल्या झालरीच्या. त्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत. मोठेबाबा हात वर करून नाचले तेव्हा तेवढाच शर्ट वेगळा दिसत होता, आणि दोन-चार पाहुण्यांनी मुद्दाम विचारलं की असा पट्टीवाला कुठं मिळतो.

नवा शर्ट लग्नानंतर पाचव्या दिवशी आला. मोजून बघितला, बरोबर ५६. मोठेबाबांनी तो अजून घडीतून काढला नाही. बाजाराच्या दिवशी वरूडला जाताना ते पट्टीवालाच घालतात.

वर्गणी सगळ्यांची जमा झाली. जवायाचे मागायचे नसतात, ते भावानं भरले. आतेभावानं फोनपेवर ६४९ पाठवलेत. वीस रुपये बाकी आहेत.